कुंडलिकेचं पाणी आणि आमचा डीपी

साळावच्या पुलावरून एस.टी. जाते तेव्हा मी अजून खिडकीतून खाली बघतो. पूल नव्हता तेव्हा रेवदंड्याला जायचं तर इथे होडीत बसावं लागे. ही कुंडलिकेची खाडी. नदी भिऱ्याच्या अंगाने येते, कोलाड, रोहा करत इथे समुद्राला मिळते. या पाण्याने आमच्या येण्याआधीच मोठं काम केलेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीच्या धरणात साठलेलं पाणी भिऱ्याला खाली सोडतात, त्यावर वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिकेला मिळतं. भिऱ्याचं वीजघर 1927 सालचं. त्याआधी 1915 ला खोपोली आणि 1922 ला भिवपुरी. तिन्ही टाटांची आणि तिन्ही आमच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला 1981 पासून रायगड म्हणतात.

वीज मात्र तारांवरून मुंबईला गेली. गिरण्या, ट्राम, आगगाड्या त्यावर चालल्या. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाणार म्हणून सेनापती बापटांनी 1921 पासून सत्याग्रह केला, तरी धरण झालं. त्यांची जमीन गेली, मुंबईला उजेड मिळाला आणि वापरून झालेलं पाणी आमच्या खाडीला आलं. आमचं काशीद तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात. आमच्या आज्याने शेवटपर्यंत रॉकेलच्या चिमणीतच जेवण केलं.

यात टाटांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्यांनी वीज आखली त्यांनी मागणी कुठे आहे ते पाहिलं. गिरणीला किती घोडाशक्ती लागते हे कागदावर होतं. पोफळीच्या वाडीला किती लागेल हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. वाडीचं शिंपणं रहाटावर होत होतं. बैल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाटाने पाणी माडांच्या बुडाला जायचं. आमची मागणी कुणाच्या कागदावरच नव्हती.

1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं. 1962 ला कोयनेची वीज सुरू झाली. 1969 ला दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण निगम निघालं आणि खेड्यांत तारा ओढायला कर्ज मिळू लागलं. माझ्या शाळेच्या दिवसांत आमच्या वाडीत खांब आले. पहिल्या दिवशी बल्ब लागला तेव्हा माझ्या आईने त्याला हात जोडले. नंतर भिंतींकडे बघून म्हणाली, "अगोबाई, किती काळं झालंय घर!"

त्या वेळचा सरकारी हिशेब असा होता की गावाच्या हद्दीत कुठल्याही कामाला वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकरण झालेलं. एक पंप चालला तरी चालेल. ही व्याख्या 1997 पर्यंत होती. पुढे 2004 ला ठरलं की निदान शंभरातल्या दहा घरांत वीज हवी. म्हणजे नव्वद घरं अंधारात असली तरी गाव उजेडात! गावाच्या नावापुढे एकदा खूण झाली, की गावाला किती वीज लागते हा प्रश्न मागे पडायचा.

पण आमची खरी गंमत पुढेच आहे, आणि त्यात दोषी मीही आहे.

पूल झाला, रस्ता सुधारला आणि मुंबई-पुण्याची माणसं काशीदच्या पांढऱ्या वाळूवर येऊ लागली. आधी कुणाच्या तरी पडवीत चटई टाकून झोपायची. मग खोली मागू लागली, मग खोलीत संडास, मग गिझर, आणि शेवटी एसी. सुपारीच्या भावाचा काही नेम नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, दोन खोल्या काढू." काढल्या. दोन एसी, दोन गिझर. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो होता एक किलोवॅट. जुन्या चार बल्बांचा आणि पंख्याचा. वाढवून घ्यायचा तर पैसे भरायचे, स्थिर आकार वाढायचा, वर घरगुतीचं व्यापारी मीटर करा म्हणतील ही भीती. मी गप्प बसलो. शेजारीही गप्प बसले.

हिशेब साधा आहे. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो. म्हणजे पन्नास वॅटचे तीस बल्ब. गिझर दोन किलोवॅटचा. माझ्या दोन खोल्यांचेच सात झाले, घरचं धरून साडेसात. कागदावर एक! आमचा डीपी होता 63 केव्हीएचा. त्यातून धड चालवायला मिळतात पन्नासेक किलोवॅट. म्हणजे माझ्यासारखी सात घरं एकाच वेळी लागली की डीपी भरला.

आमचा वायरमन मला काका म्हणायचा. त्याने एकदा मला समजावलं. डीपी बसवताना सगळ्यांचा भार एकदम लागेल असं धरत नाहीत. मी म्हटलं, कळलं, पूर्वीच्या रेवदंड्याच्या होडीसारखं. होडीत तीस माणसं बसायची आणि पलीकडे जाणारी तीनशे. तरी भागायचं, कारण सगळे एकाच वेळी येत नसत. पण चौलच्या दत्ताच्या जत्रेला सगळे एकदम आले की होडीवाला हात टेकायचा. वायरमन म्हणाला, "काका, तुमच्याकडे दर शनिवारी जत्रा असते."

खरंच होतं. शहरात कुणी सहाला घरी येतो, कुणी दहाला. इथे सगळे पाहुणे समुद्रावरून एकदम येतात, एकदम आंघोळी करतात, जेवून एकदम एसी लावतात. डीपीतलं तेल रात्री थंड व्हायला हवं, तर मेच्या रात्री तेच जास्त तापतं. सोमवारी येऊन भार मोजला तर सगळं ठीक. वर्षाची बेरीज करून बारांनी भागलं तरी ठीक. शनिवारची रात्र त्या सरासरीत दिसतच नाही.

अशाच एका मे महिन्यात शनिवारी डीपी जळाला. त्याआधी आठ दिवस दाब इतका कमी होता की बल्ब निखाऱ्यासारखे लाल. कमी दाबावर मोटार चालवली की ती जास्त करंट ओढते, गुरगुरते, तापते आणि वाइंडिंग जातं. पलीकडच्या वाडीतल्या काकीची तशीच गेली. एकटी बाई, पोफळीवर संसार. मोटार भरून यायला आणि डीपी बदलायला दिवस गेले. मेच्या उन्हात पोफळीला पाण्याचा खंड सोसत नाही. तिची लहान झाडं माना टाकून उभी राहिली. मी विचारपूस करायला गेलो तर म्हणाली, "तुझ्या पाव्हण्यांना गार हवा लागते, माझ्या पोफळीला पाणी लागतं. दोघांना पुरेल एवढी मागितली होतीस का तू?"

मी कार्यालयाच्या नावाने बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मागितली नव्हती. एक किलोवॅटच मागितली होती.

राज्याच्या पातळीवरही हेच वेगळ्या रीतीने झालेलं आम्ही पाहिलं. आमच्याच किनाऱ्यावर दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प 1999 ला सुरू झाला. वीज इतकी महाग की मंडळाला परवडेना, आणि 2001 ला तो बंद पडला. पुढच्या चार-पाच वर्षांत राज्यात हजारो मेगावॅटची तूट आणि गावोगाव भारनियमन. त्याच काळात, 2005 च्या जूनमध्ये, मंडळाचे भाग होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाले. जिथे गळती आणि थकबाकी जास्त तिथे अंधार जास्त, असा नियम आला. आकडा टाकणारा एक आणि अंधारात बसणारं सगळं गाव. मागणीचा अंदाज चुकला की त्याची किंमत चुकवणारा भलताच असतो, हे तेव्हाही दिसलं होतं. मी ते फक्त सरकारच्या बाबतीत खरं मानत होतो.

मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दुपारी काही तासांत माड आणि पोफळी तारांवर, खांब रस्त्यावर. खाऱ्या वाऱ्याने आधीच पोखरलेले खांब काडीसारखे मोडले. पुढे किती रात्री अंधारात गेल्या ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. विहिरीत पाणी होतं, पण वर काढायला वीज नाही, आणि रहाटाची लाकडं कधीच चुलीत गेलेली. एसीच्या खोल्यांतून आम्ही भिजलेले तांदूळ पसरले.

त्या अंधारात एक गोष्ट झाली. सगळी घरं रिकामी, पाहुणे नाहीत, लपवायला काही नाही. मी दहावी पास माणूस, हिशेब येतो. एक शंभर पानी वही घेतली आणि आमच्या डीपीवरच्या घरोघर गेलो. कुणाकडे किती एसी, किती गिझर, मोटार किती एचपीची, सगळं लिहिलं. पहिलं नाव माझं, समोर साडेसात. ते बघून बाकीच्यांनी खरं सांगितलं. एक-दोघांनी दार लावून घेतलं.

लाईट आल्यावर मी भार वाढवून घेतला, पैसे भरले. मुलगा कुरकुरला. वहीची नक्कल अर्जाला जोडून दिली, वर लिहिलं की ही मागणी शनिवार रात्रीची आहे, सोमवारची नव्हे. त्यानंतर आमच्या भागात आणखी एक डीपी आला. तो माझ्या वहीमुळे आला असं मी म्हणणार नाही. पण कागदावर आता आम्ही आहोत.

अलिबागेत वादळाचा विचार करून तारा जमिनीखालून घालायचं काम हाती घेतलं गेलं. आमच्याकडेही तसं व्हावं. 2024 पासून घराच्या छपरावर सौर पॅनल बसवायला केंद्राचं अनुदान मिळतं, तीन किलोवॅटला 78 हजार. मुलगा मागे लागलाय. मी त्याला म्हटलं, बसव, पण एसी रात्री चालतो आणि सूर्य दिवसा. तेव्हा वही बंद करायची नाही.

काकीची मोटार दुसऱ्या डीपीवर घेतली आहे. मेमध्ये संध्याकाळी तिच्या पाटातून पाणी वाहताना ऐकू येतं, तेव्हाच मी पाहुण्यांच्या खोलीचा एसी लावायला सांगतो.