शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून

निल्स फ्रामचा 'फेल्ट' हा अल्बम २०११ साली आला. हेडफोन लावून ऐका. सुरांच्या आसपास भलतंच काहीतरी ऐकू येतं: लाकडाची करकर, हातोड्यांची खटखट, वाजवणाऱ्याचा श्वास.

बर्लिनमधल्या घरात फ्राम रात्री पियानो वाजवायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने हातोड्या आणि तारांच्या मध्ये जाड फेल्ट घातलं आणि मायक्रोफोन पार पियानोच्या पोटात नेऊन ठेवले. पुढचं गणित सोपं आहे. सूर जितका हळू, तितका रेकॉर्डिंगचा गेन वाढवावा लागतो. आणि सूर कुठला, खटखट कुठली, हे गेनला कळत नाही. तो दोन्ही वाढवतो. एरवी ही खटखट 'नॉइज' म्हणून काढून टाकतात. (इंजिनिअरिंगला आम्हाला तेवढंच शिकवलं.) फ्रामने ती ठेवली.

कापडाची युक्ती मात्र जुनी. शुबर्टच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोंना 'मॉडरेटर' नावाची सोय असायची. हातोडी आणि तार यांच्यामध्ये कापडाची पट्टी सरकायची आणि आवाज मऊ व्हायचा. मोठमोठ्या सभागृहांसाठी पियानो दणदणीत होत गेले, तशी ती मागे पडली. घरगुती उभ्या पियानोत सरावाचं पेडल म्हणून काय ती उरली.

फ्रामला सहसा अँबियंटच्या घराण्यात बसवतात. एरिक सातीने १९१७ मध्ये 'फर्निचर म्युझिक' लिहिलं: खोलीतल्या खुर्चीसारखं संगीत, कुणी लक्ष देऊ नये असं. ब्रायन ईनोच्या १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'कडे लक्ष द्या किंवा देऊ नका, दोन्ही चालतं. मला हे नातं अर्धंच पटतं. 'फेल्ट' इतकं हळू आहे की कान पुढे करावा लागतो. खुर्चीसाठी कुणी तेवढं करत नाही.

पण आता हाच आवाज झोपेच्या आणि अभ्यासाच्या प्लेलिस्टमध्ये सापडतो, पंख्याच्या घरघरीखाली. फेल्ट पियानोची सॉफ्टवेअरं मिळतात. त्यातलं एक खुद्द फ्रामच्या पियानोवरून बनलंय. अशा सॉफ्टवेअरांत खटखटीसाठी वेगळा नॉब असतो. शेजारी नाहीत, रात्र नाही, तरी हवी तेवढी खटखट मिळते. नॉब शून्यावर नेला की पियानो अगदी स्वच्छ वाजतो. झोपही छान लागते.