पडलेल्या पत्त्यांचा इतिहास

आमच्या घरी गणपतीत रात्री पत्त्यांचा डाव बसतो. आधी मेंढीकोट, मग पाच-तीन-दोन, आणि पोरं पेंगायला लागली की मोठ्यांची रमी. चार वर्षांपूर्वी अशाच एका रात्री पिसायला कॅट माझ्या हातात आला. मी तो नेहमीसारखा न पिसता आधी एका हाताने कापला, मग दोन्ही हातांत त्याच्या पाच गड्ड्या करून त्या एकमेकींभोवती फिरवल्या आणि पुन्हा एकत्र आणल्या. पोरांनी आरडाओरडा केला. आजोबांनी चष्मा वर सरकवला, माझ्या हातातून कॅट काढून घेतला आणि काकांच्या पुढ्यात ठेवत म्हणाले, "हिला वाटायला देऊ नका रे आता."

सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी लबाडी केली नव्हती. आठ महिने रोज रात्री, लॅपटॉप बंद केल्यावर तासभर बसून शिकलेली एक गोष्ट फक्त दाखवली होती. आणि ती दाखवल्यामुळेच माझ्यावर संशय आला होता. हा संशय येतो कुठून, हे शोधायला लागले तेव्हा कळलं, की आजोबांच्या बाजूने फार जुने साक्षीदार उभे आहेत.

मी करत होते त्याला आता कार्डिस्ट्री म्हणतात. कार्ड आणि आर्टिस्ट्री हे दोन शब्द जोडून केलेला हा शब्द. यात जादू नसते. पत्ता गायब होत नाही, तुम्ही मनात धरलेला पत्ता कोणी ओळखत नाही. पत्ते कापणं, पंख्यासारखे उलगडणं, एका हातातून दुसऱ्या हातात धबधब्यासारखे सोडणं, एवढंच. सुरुवात बहुतेक सगळे चार्लिए कटने करतात. एकोणिसाव्या शतकातल्या एका जादूगाराचं नाव त्याला आहे. कॅट तळहातापासून थोडा वर, बोटांच्या टोकांवर धरायचा. अंगठा एका लांब कडेला, मधली बोटं समोरच्या कडेला. अंगठा जरासा सैल केला की खालची अर्धी गड्डी तळहातावर पडते. तर्जनीने तिला खालून अंगठ्याकडे ढकलायचं. ती दारासारखी उघडत वर जाते, वरची गड्डी तिच्याखाली उतरते, की झाला कट. वाचायला अर्धा मिनिट लागतो. मला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत सगळ्यात जास्त वेळ गेला तो वाकून जमिनीवरचे पत्ते गोळा करण्यात.

दिसलं तर संपलं

आजोबांचा पहिला साक्षीदार म्हणजे 1902 साली शिकागोत छापलेलं एक पुस्तक, 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल'. लेखकाचं नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे नाव उलटीकडून वाचलं तर ई. एस. अँड्र्यूज होतं. हा माणूस नेमका कोण होता यावर शंभर वर्षं वाद चालू आहे आणि अजून निकाल लागलेला नाही. पुस्तकात एम. डी. स्मिथ यांनी काढलेली हातांची शंभरावर रेखाचित्रं आहेत. पैशांची गरज आहे म्हणून हे लिहितोय, असं लेखक सुरुवातीलाच सरळ कबूल करतो.

पत्त्यांच्या हातचलाखीचं हे सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक मानलं जातं. त्याचा पहिला भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा आहे: खोटं पिसणं, तळातून पत्ता वाटणं, कापलेला कॅट गुपचूप पुन्हा होता तसा करणं. त्यातला एक मुद्दा मला थेट लागला. अर्डनेसच्या मते कसबी खेळाडूला त्याची हौसच बुडवते. आपले हात किती तयार आहेत हे चारचौघांत दाखवायचा मोह झाला, की त्याचा धंदा संपला. कारण लबाडी पकडली जायची गरजच नसते. या माणसाला पत्ते जरा जास्तच चांगले हाताळता येतात, एवढी कुजबुज पुरते.

म्हणजे आजोबा जे बोलले ते अर्डनेसने आपल्या गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने.

या लपवलेल्या मेहनतीचं टोक गाठणारी एक गोष्ट आहे. डाय व्हर्नन हा कॅनडात 1894 साली जन्मलेला जादूगार. अर्डनेसचं पुस्तक त्याने लहानपणीच पाठ केलं होतं. 1932 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरातल्या तुरुंगात एका कैद्याकडून त्याच्या कानावर आलं, की कॅटच्या मधोमध असलेला पत्ता वरचा म्हणून वाटणारा एक माणूस आहे. वरचा नाही, तळातला नाही, थेट मधला. व्हर्ननला हे अशक्य वाटत होतं. तरी तो त्या माणसाच्या शोधात निघाला आणि मिझुरी राज्यातल्या प्लेझंट हिल नावाच्या छोट्या गावात त्याला ॲलन केनेडी सापडला. केनेडीने वर्षानुवर्षं एकट्याने बसून ही एक हालचाल घोटली होती. त्याने ती व्हर्ननला करून दाखवली आणि शिकवलीही.

मला ही गोष्ट वाचून थोडं गलबलल्यासारखं झालं. केनेडीचं काम जितकं चांगलं, तितकं ते अदृश्य. ज्या दिवशी ते अगदी बिनचूक जमलं, त्या दिवशी समोरच्याला दिसलं फक्त पत्ते वाटणं. व्हर्नन येईपर्यंत त्याच्या मेहनतीला खऱ्या अर्थाने प्रेक्षकच नव्हता.

व्हर्ननने हाच जुगाऱ्यांचा संयम जादूत आणला. हात नैसर्गिक दिसले पाहिजेत, हा त्याचा आग्रह. 1992 साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो गेला, आणि तोवर जवळून दाखवल्या जाणाऱ्या जादूच्या कित्येक पिढ्या त्याच्या सावलीत वाढल्या होत्या. पत्त्यांच्या कसरती करणाऱ्याकडे यातले बरेच जण नाक मुरडून बघत. त्यांचा तर्क सोपा होता: हात इतके चलाख आहेत हे आधीच दाखवलंत, तर मग जादू कसली? लोक म्हणणार, हातचलाखी आहे.

हातमोजे घातलेला माणूस

पण याच काळात रंगमंचावर एक माणूस होता, ज्याच्यापुढे हा तर्क लंगडा पडायचा. रिचर्ड पिचफर्ड, जन्म 1895, गाव वेल्समधलं मंबल्स. जग त्याला कार्डिनी म्हणून ओळखतं.

पहिल्या महायुद्धात तो खंदकांत होता. वेळ काढायला हातात पत्ते असायचे. थंडी इतकी की हातमोजे काढायची सोय नाही, म्हणून त्याने मोजे घालूनच सराव केला. पुढे जखमी होऊन इस्पितळात पडला तेव्हाही पत्ते सुटले नाहीत. ज्याने कधी पत्त्यांचा पंखा उघडून बघितलाय त्याला यातली अडचण लगेच कळेल. पंखा उघडताना प्रत्येक पत्ता शेजारच्यापासून केसभर सरकतोय की नाही, हे बोटांच्या कातडीला कळतं. मोज्यात ते कळणं बंद होतं.

युद्ध संपल्यावर तो ऑस्ट्रेलियात गेला, मग अमेरिकेत. तिथे त्याने जो प्रयोग बसवला त्यात मोजे तसेच ठेवले. अंगात रात्रीच्या पार्टीचा कोट, डोक्यावर उंच टोपी, एका डोळ्याला भिंग, आणि थोडी चढलेली. हा गृहस्थ शांतपणे उभा राहू पाहतो, पण त्याच्या हातात पत्त्यांचे पंखे उगवत राहतात. तो वैतागून ते टाकतो, की नवे येतात. मग पेटलेल्या सिगरेटी येतात. तो जवळजवळ काहीच बोलत नाही. सोबत हॉटेलच्या पोऱ्याच्या वेषात त्याची बायको स्वॉन वॉकर. 1957 साली अमेरिकन टीव्हीवर झालेला त्याचा प्रयोग आजही बघायला मिळतो. मी तो कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही.

कार्डिनी कसब लपवत नाही, सगळं डोळ्यांसमोर घडतं. पण तो ते मिरवतही नाही, उलट पत्तेच त्याच्यावर उलटल्यासारखा वागतो. आणि तो पत्ते सारखे खाली पाडत असतो. रंगमंचाभर पत्त्यांचा सडा पडतो. जी गोष्ट सरावात सगळ्यात जास्त छळते, तीच त्याने प्रयोगात उघडपणे ठेवली.

कॅमेरा आला

कसरतींना स्वतःचं घर मिळायला शतकाची अखेर उजाडावी लागली. 1992 मध्ये क्रिस केनर या अमेरिकन जादूगाराचं 'टोटली आउट ऑफ कंट्रोल' हे पुस्तक आलं. त्यात 'द फाइव्ह फेसेस ऑफ सिबिल' नावाचा एक कट होता. त्या रात्री मी घरी फिरवल्या त्या पाच गड्ड्या म्हणजे हाच सिबिल. आजच्या असंख्य कट्सचा तो पूर्वज आहे. पुढे ब्रायन ट्यूडरच्या व्हिडिओ कॅसेट आल्या आणि त्यांचं नावच होतं 'शो ऑफ'. अर्डनेसने ज्याला घातक म्हटलं होतं, ते आता वेष्टनावर छापलं जात होतं. 2002 मध्ये जेरी सेस्टकोव्स्कीने या कसरतींचा जाडजूड कोश काढला. कॅलिफोर्नियाच्या डॅन आणि डेव्ह बक या जुळ्या भावांनी 2007 मध्ये 'द ट्रिलॉजी' हा तीन डीव्हीडींचा संच काढला. तोवर यूट्यूब सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. सिंगापूरच्या 'द व्हर्ट्स' या गटाच्या व्हिडिओंनी आशियातली पोरं या नादाला लावली. 2014 मध्ये लास व्हेगासला पहिलं कार्डिस्ट्री-कॉन भरलं. अख्खं संमेलन, आणि त्यात जादू नाही.

केनेडीला व्हर्ननची वाट बघावी लागली होती. आता प्रेक्षक खिशात आला. मीही फोन उशीला टेकवून रेकॉर्ड करायला लागले. एकोणीस सेकंदांच्या एका व्हिडिओसाठी मला दोन तास लागले. साठाच्या पुढे टेक झाले असतील. ज्यात पत्ते पडले ते सगळे डिलीट केले.

गेल्या वर्षी माझ्या बारा वर्षांच्या चुलतभावाने ते व्हिडिओ बघून सिबिल शिकायला घेतला आणि चौथ्या दिवशी सोडून दिला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "माझे सारखे पडतात, ताई. तुझे तर एकदाही पडत नाहीत."

मी गप्प झाले. अर्डनेसच्या वाचकांनी कसब लपवलं होतं. कसब दाखवायला आता कसलीच आडकाठी नाही, तरी मी लपवतच होते. फक्त मी लपवत होते ते पडलेले पत्ते. आणि त्यामुळे एक पोरगा स्वतःला नालायक समजून बसला होता.

त्या संध्याकाळी मी त्याला पलंगावर समोर बसवलं. पत्ते पलंगावरच घोटायचे, म्हणजे वाकावं लागत नाही, हा पहिला धडा. दुसरा, गड्डी दाबून धरायची नाही, कारण भीतीने घट्ट धरलेला पत्ताच जास्त उडतो. तिसरा, हवा बघायची. पत्ता शेवटी कागदच. पावसाळ्यात तो ओल धरून फुगतो, आणि पंखा झुपक्यांनी उघडतो. मग मला अजून न येणारा एक कट मी त्याच्यासमोर घ्यायला सुरुवात केली. पत्ते पडले. पुन्हा पडले. तो मोजायला लागला. एकतिसाव्या वेळेला जमला आणि बत्तिसाव्या वेळेला परत पडला, तेव्हा तो इतका हसला, की आजोबा दारात येऊन उभे राहिले.

ते बराच वेळ बघत होते. खाली एक किलवरचा गुलाम पडला होता तो उचलून त्यांनी पलंगावर ठेवला. त्या रात्री डाव बसला तेव्हा कॅट त्यांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "पीस," म्हणाले. "वाटणार मात्र मीच."