हेलियमचे आवर्तसारणीतील स्थान आणि विजयदुर्गची आख्यायिका

दि. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणातून विजापूरमार्गे पूर्व किनाऱ्याकडे गेला. पश्चिम खानदेशात, अक्कलकुव्याच्या बाजूस, हे ग्रहण खंडग्रासच होते. विजयदुर्ग मात्र पट्ट्यात येत होता. त्या किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखविले जाणारे चौथरे आहेत. तेथूनच नॉर्मन लॉकयर यांनी हेलियमचा शोध लावला, अशी आख्यायिका महाराष्ट्रात रूढ आहे.

ही आख्यायिका ग्राह्य धरता येत नाही. त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्येच होते. त्यांचा नवा वर्णपटदर्शक ऑक्टोबरात हाती आला आणि २० ऑक्टोबर रोजी, ग्रहण नसतानाच, त्यांनी सौरज्वालांच्या वर्णपटात सोडियमच्या जोडरेषांपासून किंचित दूर असलेली एक पिवळी रेषा पाहिली. ग्रहणासाठी ते भारतात आले ते १८७१ च्या डिसेंबरात, मलबार किनाऱ्यावरील बेकल येथे. बेकलही समुद्रकाठचा किल्लाच असल्याने आख्यायिकेचे मूळ या साम्यात असावे, असा तर्क करता येतो.

१८६८ मध्ये गुंटूर येथे जान्सन, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात ले. जॉन हर्शेल यांनी निरीक्षण केले. हर्शेल यांना ढगांच्या फटींतून तांबडी, नारिंगी व निळी अशा रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. जान्सन यांचे खरे यश निराळे आहे: दुसऱ्याच दिवशी त्यांनी ग्रहणावाचून सौरज्वाला पाहण्याची रीत सिद्ध केली. हेलियमचे श्रेय त्यांना देण्याचा प्रघात या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून आला आहे.

लॉकयर यांनी त्या रेषेवरून नवे मूलद्रव्य कल्पिले. परंतु मार्च १८६९ मध्ये मेंडेलीव यांची सारणी रशियन रसायन सभेपुढे आली, तेव्हा तिच्या ६३ मूलद्रव्यांत हेलियम नव्हता. आणि हे स्वाभाविकच होते. ती सारणी अणुभार आणि संयुजा यांवर उभी होती, आणि सूर्यावरील रेषेवरून यांपैकी काहीच मोजता येत नव्हते. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) यांच्यासाठी मेंडेलीव यांनी रिकाम्या जागा राखल्या होत्या, कारण त्यांचे शेजारी ज्ञात होते. हेलियमच्या कुळातील एकही सभासद ज्ञात नसल्याने तेथे रिकामी जागादेखील दिसत नव्हती. एक संपूर्ण स्तंभच नजरेआड राहिला.

१८९४ मध्ये रॅले व रॅम्झी यांनी अर्गॉन उजेडात आणला. त्याचा अणुभार सुमारे ४०, म्हणजे पोटॅशियमहून अधिक. त्यामुळे त्याला पोटॅशियमच्या आधी बसविणे अणुभाराच्या क्रमाविरुद्ध होते. खुद्द मेंडेलीव यांनी तो नायट्रोजनचाच त्र्याण्विक प्रकार असावा, असे सुचविले. १८९५ मध्ये रॅम्झी यांना क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली. आता अणुभार मिळाला: सुमारे ४. निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन १८९८ मध्ये सापडल्यावर एका नव्या गणाची मांडणी अपरिहार्य झाली. मेंडेलीव यांनीही तो ‘शून्य गण’ म्हणून स्वीकारला. अर्गॉन-पोटॅशियमचा पेच मोस्ली यांच्या १९१३ च्या क्ष-किरण मापनांनंतर सुटला. क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा ठरला.

हेलियमची जागा मात्र आजही पूर्णतः निर्विवाद नाही. त्याच्या बाह्य कवचात दोनच इलेक्ट्रॉन असल्याने काही रसायनज्ञ त्याला बेरिलियमच्या वर ठेवण्याचा आग्रह धरतात.