जुनी गाडी, नवा अल्टरनेटर आणि मधली वायर

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी लॅबमध्ये एक पराक्रम केला होता. आमच्या छोट्या भट्टीचा जुना पॉवर सप्लाय २० अँपिअरचा होता. त्याच्या जागी ४० अँपिअरचा नवा आला. मी जुना काढला, नवा जोडला आणि वायरी होत्या त्याच ठेवल्या. अर्ध्या तासात जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. गाईड सर धावत आले, स्विच बंद केला आणि एकच प्रश्न विचारला, "ही वायर किती करंटसाठी टाकली होती, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

सरांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. ते म्हणाले, "जुन्या गाडीत नवा अल्टरनेटर बसवणारे अगदी हीच चूक करतात. त्याचा इतिहास वाच, मग बोलू." मी थोडा वैतागूनच वाचायला बसलो. पण जे हाती लागलं ते संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून इथे मांडतो.

आधी एसी, मग डीसी

१८३१ मध्ये फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये हिप्पोलाइट पिक्सी याने हाताने फिरवायचं जनित्र बनवलं. त्यात चुंबक फिरायचा आणि कॉइल स्थिर असायची. त्यातून निघणारा प्रवाह दिशा बदलणारा, म्हणजे एसी होता. त्या काळच्या प्रयोगांना बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह हवा होता. मग अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीने कम्युटेटर जोडला. अर्ध्या फेऱ्यानंतर जोडणी उलटवायची, की बाहेर येणारा प्रवाह एकाच दिशेचा.

म्हणजे बघा, फिरता चुंबक आणि स्थिर कॉइल ही आजच्या अल्टरनेटरची मांडणी १८३२ मध्येच होती. मग ती मोटारीत रुळायला १९६० का उजाडलं?

मोटारीत डायनॅमो का आला

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर आला. हँडल मारायची कटकट गेली, पण स्टार्टरला बॅटरी लागते आणि बॅटरी चार्ज करायला एकाच दिशेचा प्रवाह लागतो. त्यासाठी कम्युटेटरवाला डायनॅमो हाच व्यवहार्य मार्ग होता.

त्याची अडचण त्याच्या रचनेतच होती. डायनॅमोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या भागात. तिथून सगळा करंट कम्युटेटर आणि कार्बन ब्रशमधून बाहेर काढावा लागतो. फार जोरात फिरवला तर कम्युटेटर आणि वाइंडिंग टिकत नाही, म्हणून पुलीचं गुणोत्तर बेताचं ठेवायचं. परिणाम असा की इंजिन आयडलिंगला आलं की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला थांबलेल्या जुन्या गाडीचे दिवे पिवळट पडायचे, ते यामुळे. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनी पाहिलेलं असेल.

अल्टरनेटरमध्ये मुख्य करंट स्थिर भागातून निघतो. ब्रशमधून जातो तो फक्त रोटरला चुंबक बनवणारा दोन-तीन अँपिअरचा करंट. त्यामुळे तो जोरात फिरवता येतो आणि आयडलिंगलाही चार्जिंग देतो. पण त्याचा एसी सरळ करायला रेक्टिफायर हवा. सेलेनियमचे रेक्टिफायर होते, पण आकाराने मोठे, त्यामुळे ज्या खास वाहनांना वीज जास्त लागायची तिथेच ते परवडायचे. १९५० च्या दशकात सिलिकॉनचे पॉवर डायोड आले. सहा डायोड अल्टरनेटरच्याच कवचात मावू लागले. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला आणि १९६१ पासून आपल्या सगळ्या गाड्यांत.

कल्पना तयार होती. अडलं होतं शेजारच्या एका भागापाशी. लिटरेचर रिव्ह्यू करताना "ही कल्पना पहिल्यांदा कुणी मांडली" एवढंच आपण शोधतो. "ती कशासाठी थांबून राहिली होती" हेही शोधा. बऱ्याचदा आपल्या संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडतो.

आता वायरीकडे

ब्रिटनची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेऊ. १९६२ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात लुकासचा २२ अँपिअरचा डायनॅमो होता आणि बॅटरीचं धन टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं होतं. १९६७ च्या अखेरीस मार्क टू आली, तिच्यात अल्टरनेटर आला आणि बॉडीला ऋण टोक जोडलं गेलं. कारखान्याने दोन्ही बदल एकत्र केले. आज १९६४ ची एमजीबी घेऊन घरी हा बदल करणाऱ्याला तो सगळा प्रवास स्वतःच करावा लागतो.

पहिली पायरी ध्रुवांची. नेहमीचे अल्टरनेटर ऋण टोक बॉडीला धरून बनवलेले असतात. बॅटरी उलटी राहिली तर तिचा करंट डायोडमधून बेफाम वाहतो आणि डायोड क्षणात जळतात.

दुसरी पायरी कंट्रोल बॉक्सची. बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत शिरू नये म्हणून त्यात कटआउट असतो. अल्टरनेटरमध्ये हे काम डायोडच करतात. रेग्युलेटरही बहुतेक वेळा आतच असतो. म्हणून जुना बॉक्स सर्किटमधून बाहेर काढायचा आणि त्याच्या वायरी सरळ जोडून घ्यायच्या.

तिसरी गंमत चार्जिंगच्या लाल दिव्याची. डायनॅमोत तो फक्त खूण होता. अल्टरनेटरमध्ये याच २.२ वॉटच्या बल्बमधून सुमारे ०.१८ अँपिअर रोटरला मिळतो आणि चार्जिंगची सुरुवात होते. बल्ब गेला किंवा त्याजागी साधा एलईडी लावला, तर अल्टरनेटर जागाच होत नाही असंही घडतं. जुना भाग तोच, पण काम बदललं!

आणि शेवटी जाड वायर. समजा नवा अल्टरनेटर ४५ अँपिअरचा आहे आणि जुनी तांब्याची वायर २ मीटर लांब, ४ चौरस मिलिमीटर जाडीची आहे. तिचा रोध सुमारे ०.००८६ ओहम. २२ अँपिअरला वायरमध्ये साधारण ४ वॉट उष्णता होते. ४५ अँपिअरला? दुप्पट नाही, १७ वॉटच्या वर, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गंजलेल्या जोडणीत हीच उष्णता एका ठिपक्यात साठते आणि आग तिथून लागते. म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड केबल टाकतात आणि तिला बॅटरीच्या बाजूला योग्य फ्यूज देतात. जुन्या क्रायस्लर गाड्यांत तर सगळा चार्जिंग करंट डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून जायचा. तिथे मोठा अल्टरनेटर लावायचा तर हाही रस्ता तपासावा लागतो.

१९६२ च्या अभियंत्याने चूक केली नव्हती. २२ अँपिअरला ती वायर पुरेशी होती. त्याचं गृहीतक तांब्यात लिहून ठेवलेलं होतं, ते वाचायचं काम आपलं.

आपल्याही लॅबमध्ये असंच असतं. कुणीतरी सीनियर सेटअप लावून जातो, आपण त्यातला एक भाग सुधारतो आणि बाकीचा सेटअप आपल्याला सामील आहे असं धरून चालतो. तेव्हा कुठलंही उपकरण, सॉफ्टवेअर किंवा पद्धत बदलण्याआधी वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे जुन्या भागाचे आकडे, उजवीकडे त्या आकड्यांवर विसंबून बसवलेले बाकीचे भाग. उजवा रकाना रिकामा राहिला, तर काम सुरू करू नका. बहुधा तुम्ही अजून नीट शोधलेलं नाही.

मी भट्टीच्या वायरी बदलल्या, हे सांगायला नको. जळलेला तुकडा मात्र टाकला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि नवा ज्युनियर आला की मी त्याला आधी तो दाखवतो.