आयझलवर्थचे ७१४ रुग्ण आणि त्यांना उठवून बसवणारे हात



हाउन्सलो आणि आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलची पायरी न चढलेले घर विरळाच. कुणाचे बाळ तिथले, कुणाच्या सासऱ्यांचे ऑपरेशन तिथले. पण आयझलवर्थच्या या जागेवर एके काळी ब्रेंटफर्ड युनियनचे वर्कहाऊस होते, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या अटीवर आसरा देणारी वास्तू. म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेला या देशात नवे वळण मिळाले तेही इथेच. आपले आईवडील आता पिकत चालले आहेत, आणि आपण तरी किती मागे आहोत? म्हणून या अंकात हा इतिहास थोडक्यात सांगत आहोत.

१९३५ साली वर्कहाऊसचे दवाखान्याचे वॉर्ड शेजारच्या हॉस्पिटलकडे आले आणि डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर ७१४ जुनाट रुग्णांची जबाबदारी पडली. यातले कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. नक्की आजार काय, हे अनेकांच्या बाबतीत कुणी नीट पाहिलेच नव्हते. 'म्हातारा झाला, आता पडून राहायचा' एवढेच निदान! वॉरनबाईंनी एकेकाला तपासले, गट पाडले, वॉर्डात उजेड आणि रंग आणला. जो उठू शकेल त्याला उठवायचे, बसू शकेल त्याला खुर्चीत बसवायचे, चालू शकेल त्याला चालवायचे, असा नेम घालून दिला. पुष्कळ रुग्ण घरी किंवा साध्या वसतिगृहात जाऊ शकले आणि खाटांची गरज २४० वर आली. बाईंनी हे अनुभव १९४३ व १९४६ साली वैद्यकीय नियतकालिकांत मांडले, आणि वृद्धांचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. १९६० साली मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

डॉक्टरीणबाईंचे नाव पुस्तकांत आहे, आणि ते योग्यच आहे. पण रोज सकाळी त्या रुग्णाला खाटेच्या कडेला बसवायचे कुणी? स्वतःच्या शर्टाची बटणे तो स्वतः लावेपर्यंत दहा मिनिटे थांबायचे कुणी? हे काम बरेचसे नर्सच्या हाताखालच्या मदतनीसांचे. आपल्याकडच्या इस्पितळांत ज्यांना आपण 'मावशी' आणि 'मामा' म्हणतो, तीच ही माणसे.

इथल्या कायद्याला त्यांना काय म्हणावे तेच बराच काळ कळले नाही. १९१९ च्या कायद्याने शिकलेल्या नर्सेसची नोंदवही झाली. मदतनीस बाहेर राहिले. १९४३ च्या कायद्याने त्यांच्यासाठी दुसरी नोंदवही उघडली आणि 'असिस्टंट नर्स' ही पदवी दिली. १९६१ साली त्यातला 'असिस्टंट' गळाला आणि 'एनरोल्ड नर्स' उरली. या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमात वेस्ट इंडीजहून आणि इतर राष्ट्रकुल देशांतून आलेल्या अनेक मुलींना घातले गेले. आपल्या मायदेशी या प्रमाणपत्राला फारसा भाव नाही, हे त्यांतल्या पुष्कळजणींना मागाहून उमगले. पुढे १९८६ च्या सुधारणांनंतर हा शिक्षणक्रमही बंद झाला.

शिक्षणक्रम बंद झाला तरी काम संपले नाही! ते केअर असिस्टंटकडे आले. हॉस्पिटलांतले दीर्घ मुदतीचे वॉर्ड कमी होत गेले, म्हातारी माणसे खाजगी नर्सिंग होममध्ये गेली, आणि एप्रिल १९९३ पासून कुणाला काय मदत लागते हे ठरवणे कौन्सिलकडे आले. २०१३ च्या कॅव्हेंडिश अहवालानंतर २०१५ साली 'केअर सर्टिफिकेट' सुरू झाले. इंग्लंडमध्ये या मदतनीसांची सक्तीची नोंदवही मात्र आजही नाही.

हे काम 'कुणीही करील' असे वाटत असेल तर एक उदाहरण देतो. आम्ही पडलो रसायनशास्त्राचे; अंथरुणातल्या जखमांवर उत्तर मलमाच्या बाटलीत असावे असे आम्हाला वाटणारच. पण डोरीन नॉर्टन या नर्सबाईंनी सहकाऱ्यांसह १९६२ साली लंडनमधल्या वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि भर दिला तो कुशीवर वळवत राहून अंगावरचा दाब काढण्यावर. त्यांनी पाच बाबींचा एक तक्ता केला: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणेफिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकी जास्तीत जास्त ४ गुण, एकूण २०. १४ किंवा कमी झाले की धोका. तक्ता कागदावर असतो, पण रात्री दोन वाजता रुग्णाला वळवणारी आणि टाचेवरची लाली पहिल्यांदा पाहणारी मदतनीसच असते.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्यातल्या काही भगिनी, आणि बंधूसुद्धा, केअर होममध्ये काम करतात, पण समारंभात विचारले की आवाज खाली जातो. २०२२ मध्ये सरकारने या कामासाठी व्हिसा खुला केला, २०२४ मध्ये कुटुंब आणायची मुभा काढली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबवली. सरकारचे धोरण असे वरखाली होत असताना निदान आपण तरी या माणसांना मान द्यायला नको का?

दुसरी गोष्ट आईवडिलांची. होममध्ये ठेवायचे म्हटले की 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न आधी येतो. त्याऐवजी होम पाहायला गेल्यावर हे विचारावे: आईंना रोज खुर्चीत बसवणार का? रात्री किती जणांमागे किती मदतनीस असतात? तेच चेहरे राहतात की दर आठवड्याला बदलतात? दिवाणखान्यातल्या गालिच्यापेक्षा ही उत्तरे मोलाची.

स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेले इंग्रजी आधी विसरते आणि माणूस मायबोलीकडे वळतो, असे अनेकदा दिसते. आजी 'पाणी' म्हणतात आणि समोरच्या मुलीला कळत नाही, ही अवस्था टाळता येण्यासारखी आहे. पाणी, भूक, दुखतंय, थंडी, लघवी, नको असे दहा-बारा शब्द रोमन अक्षरांत, अर्थासह एका कार्डावर लिहून खाटेजवळ लावावेत. असे कार्ड मंडळातर्फे तयार करण्याचा विचार आहे. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कोणते शब्द हवेत ते आम्हाला अवश्य कळवावे. त्यांच्याइतके ते कुणालाच ठाऊक नाही.