दोन चांगदेव, एक लीलावती आणि ग्रहणाचे दान



दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आम्ही कार्यकर्ते मुक्ताईनगर तालुक्यातल्या दोन-तीन शाळांत जातो. लिंबातून ‘रक्त’ कसे काढतात, बुवा पाण्याने दिवा कसा पेटवतात, हे करून दाखवतो. मग विद्यार्थ्यांची भाषणे होतात, आणि त्यात एक गोष्ट हमखास येते. थोर गणिती भास्कराचार्य आपल्या खानदेशचे. त्यांना लीलावती नावाची मुलगी. तिच्या पत्रिकेत वैधव्य लिहिलेले. ते टळावे म्हणून बापाने अचूक मुहूर्त काढला आणि पाण्यावर घटिकापात्र सोडले. मुलगी कौतुकाने वाकून पाहायला गेली, अंगावरचा एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि मुलगी विधवा झाली. तेव्हा बापाने तिला गणित शिकवले आणि ग्रंथाला तिचे नाव दिले.

टाळ्या पडतात. शिक्षकांचे डोळे पाणावतात. शेवटच्या खेपेला ही गोष्ट सांगणारी मुलगी आमच्याच वस्तीतली होती, निळी रिबीन बांधून आलेली. तिने इतके सुंदर सांगितले की तिथे आम्हाला बोलवेना. म्हणून आता लिहितो आहोत.

या गोष्टीत विज्ञान कुठे आहे? विज्ञान दिनाच्या दिवशी आम्ही मुलांना सांगतो काय, तर बारा राशी बरोबर होत्या, पत्रिका बरोबर होती, फक्त मोती आडवा आला. एवढा मोठा गणिती, पण नशिबापुढे हरला. आपल्या समाजात शास्त्रज्ञाचे जे चित्र रंगवले जाते त्याचा हा सर्वात जुना आणि सर्वात लाडका नमुना आहे, आणि तो नेमका आमच्या जिल्ह्याच्या नावावर खपतो.

आधी पुराव्याचे पाहू. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचा एक भाग. त्यांचे गाव विज्जडविड. ते पाटणजवळ, बीडकडे की विजापूरकडे, यावर अभ्यासकांचा वाद आहे, त्यात आम्ही पडत नाही. मुद्दा असा की मोत्याची ही गोष्ट त्यांच्या ग्रंथात कुठेच नाही. ती येते १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे सव्वाचारशे वर्षांनी. पुढे तिची रूपे वाढत गेली. काहींत लीलावतीचे लग्नच होत नाही, काहींत होऊन ती विधवा होते. मूळ ग्रंथात गणित घालताना ‘बाले’, ‘लीलावती’ अशी हाक आहे, तशी ‘सखे’ आहे आणि ‘कान्ते’ही आहे. मुलीला कुणी ‘कान्ते’ म्हणतो का?

तरीही लोकांना तीच गोष्ट का आवडली, हा खरा समाजशास्त्राचा प्रश्न. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. वय पंचवीस. त्यांनी दाखवून दिले की जातीबाहेर लग्न होऊ न देण्यावर जात उभी असते, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा उपयोग झाला. आता मोत्याची गोष्ट पुन्हा वाचा. लहानपणी लग्न आहे. वैधव्य आहे. त्यातून सुटका नाही हे गृहीत आहे. ‘विधवा झाली तर दुसरे लग्न करा’ हे वाक्य कथेतल्या एकाही पात्राला सुचत नाही, सांगणाऱ्या शिक्षकालाही नाही. जातीने केलेला अन्याय ग्रहांच्या खात्यावर टाकायचा आणि गणित हे त्यावरचे सांत्वन म्हणून द्यायचे. शिक्षण हा मुलीचा हक्क आहे म्हणून नव्हे, संसार उधळला म्हणून तिला शिकवायचे.

खरे भास्कराचार्य या रडक्या बापापेक्षा कितीतरी रंजक आहेत. गोलाध्यायात ते भांडतात. पृथ्वीला कुणीतरी खालून धरले आहे म्हणणाऱ्या पौराणिकांना ते विचारतात, मग त्याला कुणी धरले, आणि त्याच्या खालच्याला कुणी? पृथ्वी सतत खाली पडते आहे असे म्हणणाऱ्या त्या काळच्या बौद्धांनाही ते नाव घेऊन झोडपतात. आम्ही बौद्ध आहोत आणि आम्हाला त्याचा राग येत नाही. त्या मुद्द्यावर ते बरोबर होते, आमचे पूर्वज चूक होते. तपासून घ्या हेच तर तथागतांनी कालामांना सांगितले. पण हा वाद घालणारा माणूस शाळेतल्या भाषणात येत नाही. त्याची दुसरी बाजूही येत नाही. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेने होते हे पक्के ठाऊक असून, ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो आणि म्हणून पुराणही खरे, अशी तडजोड त्यांनीच लिहून ठेवली आहे. गणित मठात ठेवायचे आणि रस्त्यावर राहू सोडायचा, ही सोय इथून दिसते.

आणि एक मुलगी आहे जिच्यासाठी कुणी रडत नाही. ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिकाचे एक उदाहरण आहे: सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत बत्तीस निष्क, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती? वय वाढले की भाव उतरतो, म्हणून त्रैराशिक व्यस्त. उत्तर पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश. बैलाच्या उदाहरणाच्या शेजारीच हे येते. मोती हरवलेल्या लीलावतीला आख्यायिका मिळाली, नाटके मिळाली. बत्तीस निष्कांच्या मुलीला नावसुद्धा नाही. ग्रंथ जाळा असे आम्ही म्हणत नाही, गणित बिनचूकच आहे. पण थोरवीचे भाषण लिहून देणाऱ्याने हे पानही वाचलेले असावे, एवढी अपेक्षा आहे.

आता चांगदेवांकडे येऊ. मुक्ताईनगरात चांगदेव म्हटले की एकच डोळ्यांसमोर येतो: तापी-पूर्णेच्या संगमावरचा योगी, वाघावर बसून सापाचा चाबूक घेऊन निघालेला, आणि त्याला सामोरी आलेली भावंडांची भिंत. प्रभात कंपनीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात ती भिंत चालवून दाखवली. दामले-फत्तेलाल यांची ती कारागिरी आजही थक्क करते. कॅमेरा, भिंग, रसायने हे सगळे विज्ञान कामाला लावून चमत्कार खरा करून दाखवला, आणि पडद्यावर शास्त्रज्ञाचे नावही नाही! आमच्या आज्या सांगत की लोक पडद्याला हात जोडत. मुक्ताईबद्दल आमच्या मनात अनादर नाही. संन्याशाची पोर म्हणून ब्राह्मणांनी वाळीत टाकलेली एक लहान मुलगी, परंपरेप्रमाणे चौदाशे वर्षांच्या योग्याची गुरू झाली, ही गोष्ट भिंत न चालताही मोठीच आहे.

दुसरा चांगदेव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीला भेटतो. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ काढला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास उजेडात आणला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिले ते शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या वेळी. इसवी सन १२०७. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. बाजारात जो माल येईल त्यावरची राजाची पट्टी मठाला, आणि जितके घाणे चालतील त्यांनी प्रत्येकी पळी-पळी तेल मठाला. म्हणजे खानदेशातल्या या विद्यापीठाचा दिवा तेल्याच्या तेलावर जळत होता. घाणा ओढणाऱ्याचा मुलगा त्या उजेडात बसला होता का? मनुस्मृतीचा कायदा चालू असताना उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

याच पाटणाच्या वर, गौताळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. तिथल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्याने आपले नाव आणि धंदा कोरला आहे: कण्हदास, सोनार. दानलेखांत पैठणच्या गंधिकाच्या घराण्याचे नाव आहे, मगिल नावाच्या राजवैद्याचेही. हाताने काम करणारा आणि औषध जाणणारा, दोघांची नावे दगडावर आहेत. चौदाशे वर्षांनंतर खालच्या पाटणच्या लेखात मात्र घाण्यांची गणती आहे, घाणेवाल्याचे नाव नाही. आमचा इतिहास या दोन शिलालेखांच्या मधल्या उतारावर आहे. मुलांच्या सहलीत पाटणादेवी असते, पितळखोरे सहसा नसते.

ग्रहणाचे दान सोइदेवाने मठाला दिले, कायमचे. आमच्या वाट्याला आले ते वेगळे. ग्रहण लागले की महार-मांगांनी टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायचे आणि ओरडायचे, ‘दे दान, सुटे गिराण’. सूर्यचंद्राला आपले देणे आहे, ते फिटल्याशिवाय ग्रहण सुटत नाही, अशी समजूत. ग्रहण किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार हे पंचांगवाल्याला पळापर्यंत ठाऊक होते. तरी सावलीचा सोंगाड्या म्हणून माणसे उभी केली आमची. राहू-केतूचे पात्र शेकडो वर्षे आम्ही केले, बिदागी फाटके लुगडे.

ही सोंगे उलटी करणारा पहिला माणूस म्हणजे महात्मा फुले. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. गरोदर कुणबी बाईच्या दारात जोशी येतो, पोटातल्या पोरावर ग्रह आहेत म्हणून घाबरवतो आणि घर धुऊन नेतो. शेवटी ते जोडपे शाळेत जायचे ठरवते. पत्रिका पाहणारा लुबाडणारा, आणि प्रश्न विचारणारा विदूषक शहाणा: मराठीतले वैज्ञानिक दृष्टीचे पहिले नाटक आम्ही यालाच म्हणतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. पुढे जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीला सोबत घेऊन ज्योतिषांची चाचणीही घेतली. सत्तावीस ज्योतिषांनी पत्रिकांवरून हुशार मुले आणि मतिमंद मुले ओळखायची होती. बरोबर उत्तरे ४६ टक्के आली. नाणे उडवले असते तर याहून बरे जमले असते. ते जन्माने कोण होते हे आम्ही विचारत नाही, कारण ते तपासायला बसले.

हे सगळे जुने झाले म्हणणाऱ्यांनी २०२२ ची ‘रॉकेट बॉईज’ मालिका पाहावी. होमी भाभा खऱ्या नावाने, विक्रम साराभाई खऱ्या नावाने. भाभांचा प्रतिस्पर्धी मात्र मेहदी रझा हे काल्पनिक पात्र, पुष्कळ प्रेक्षकांना ज्यात मेघनाद साहा दिसले. १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे आयनीभवनाच्या समीकरणाने सोडवणारे, कोलकात्यात सायक्लोट्रॉन उभारणारे, १९५२ ला लोकसभेत निवडून आलेले साहा. बंगालातल्या खालच्या मानलेल्या जातीतले, वसतिगृहात इतरांच्या पंगतीला ज्यांना बसू दिले नाही ते साहा. सगळे काही वेदांत आहे म्हणणाऱ्यांची त्यांनी बंगालीत यथेच्छ टर उडवली होती. एवढा नाट्यमय माणूस हाताशी असताना कल्पित पात्र का लागले? खलनायकाला मुसलमान नाव मिळाले आणि शूद्र शास्त्रज्ञ पडद्यावरून गेला, एका दगडात दोघे.

७ सप्टेंबर २०२५ ला, रविवारी रात्री, खग्रास चंद्रग्रहण होते. आम्ही तीस-चाळीस जण चांगदेवला संगमाकाठी जमलो. ढग होते, चंद्र मधूनमधून दिसत होता. ती निळ्या रिबिनीची मुलगीही आली होती. चंद्र काळा न होता तांबूस का दिसतो, हे तिने सांगितले: पृथ्वीच्या हवेतून वळून आलेला तांबडा उजेड तेवढा त्याच्यावर पोहोचतो. चंद्र पुरता तांबडा असताना आम्ही जेवायला बसलो. शेवभाजी आणि भाकरी. आमच्यात सत्तरीची एक माय होती. लहानपणी आपण सासूबरोबर टोपली घेऊन फिरलो आहोत असे तिने सांगितले. काय मिळायचे विचारले तर म्हणाली, पसाभर जोंधळे, जुने धुडके. मग तिने आणखी अर्धी भाकरी मागून घेतली आणि पुढचे ग्रहण कधी ते विचारले. मुलगी म्हणाली, तीन मार्चला, चंद्र उगवतानाच लागलेला असेल.

“मंग तवाच्या भाकरी माह्याकडून,” माय म्हणाली.