उमरीचा हिशेब आणि लातूरचा

मराठवाडा मुक्तिसंग्रामाची कथा सांगताना स्वामी रामानंद तीर्थांची भगवी वस्त्रे आणि सरहद्दीवरील तरुणांच्या बंदुका आपण एकाच चित्रात बसवून मोकळे होतो. त्या दोहोंत मुळात केवढे अंतर होते! १९३८ साली स्टेट काँग्रेसने केलेला सत्याग्रह निःशस्त्र होता. तुकड्या येत, घोषणा देत आणि तुरुंगात जात. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तरकी केलेल्या या संन्याशाची गांधीजींवरील श्रद्धा वरपांगी नव्हती.

पण सत्याग्रह चालायचा तर समोर निदान कायदा तरी असावा लागतो. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला, आणि यापुढे येणारा वॉरंट घेऊन येणार नाही हे नांदेडकडच्या खेड्यांनी ओळखले. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी तर लातुरात वकिली केलेला, म्हणजे घरचाच. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर सुटका आणि २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा अटक. एवढ्या अवधीत सरहद्दीपलीकडे तळ उभे राहिले होते. करोडगिरी नाकी जळत होती. स्वामीजींनी शस्त्र धरणाऱ्यांना मनाई केली नाही. भित्रेपणा आणि हिंसा यांतून निवडायचे झाल्यास आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे गांधीजींनीच १९२० साली लिहिले होते. तो आधार खरा, परंतु गांधीजींच्या लेखी तो अपवाद होता. इकडे त्याची वहिवाट झाली.

जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली गेली. रक्कम वीस लाखांच्या घरातली. तिचा पै न् पैचा हिशेब या मंडळींनी कृतिसमितीला दिला, याचे कौतुक आजही होते आणि ते रास्तच आहे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले आणि पाच दिवसांत निजामी संपली. आमच्या शाळांतून धडा येथे संपतो. तो संपू नये असे मला वाटते. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पाहणीस आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज केला. ही बहुतेक माणसे मुसलमान होती, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत मोडे. तिथली कत्तल वीसहून अधिक दिवस चालल्याचे समितीने लिहिले. रझाकारांनी हिंदूंवर जुलूम केले होते हे खरेच, पण या दिवसांत मेलेले सगळे रझाकार नव्हते. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्यांना सूडाची वही कुणी दाखविली नाही, आणि अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला.

त्याच अहवालात हिंदू विणकरांचीही नोंद आहे. बाहेरून चालून आलेल्या जमावापुढे ते स्वतःचा जीव धोक्यात घालून उभे राहिले, आणि शेजारच्या मागावरचे मुसलमान विणकर त्यांनी वाचविले.